नवसाबाईंचा तिसरा झटका

माझं माहेर देवळाली कॅम्पचं. तोफांच्या सरावाचे आवाज ऐकत मी लहानाची मोठी झाले, म्हणून लग्न होऊन मखमलाबादला आल्यावर सासूच्या आवाजाचं मला फारसं काही वाटलं नाही. बाकीच्यांना वाटायचं. आमचा दीड एकराचा फुलांचा मळा आहे; झेंडू, शेवंती, थोडा गलांडा. मळ्याच्या एका टोकाला उभं राहून सासूबाईंनी हाक मारली की दुसऱ्या टोकाच्या बाया तर ओ द्यायच्याच, शेजारच्या मळ्यातल्याही द्यायच्या.

त्यांचं नाव नवसाबाई. माहेर सायखेड्याचं. पाच मुलगे झाल्यावर त्यांच्या आईनं मुलगी व्हावी म्हणून नवस केला होता. असला उलटा नवस बोलणारी बाई त्या काळी गोदाकाठाला दुसरी नसावी. "मला देवाकडून मागून आणलेलं हाय," त्या म्हणायच्या, "वापस द्यायची घाई नाय." सासरे लवकर गेले. त्यानंतर मळा, एकुलता एक मुलगा महेश, म्हणजे माझा नवरा, आणि नदीकाठच्या फुलबाजारातली जागा हे सगळं त्यांनी तोंडाच्या जोरावर सांभाळलं. तोंडाचा पट्टा सुरू झाला की दलालसुद्धा काखेत वही मारून पुढे सरकायचा.

धंद्यात त्यांचा एकच हट्ट होता. झेंडूवर पाणी मारायचं नाही. बाजारात सगळे मारतात. पाण्यानं फूल टवटवीत दिसतं, वजनात भरतं. पण आत मुरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत फुलाचं बूड काळं करतं आणि गिऱ्हाइकाच्या दारावरचं तोरण दुसऱ्या दिवशी सडकं दिसतं. नवसाबाई नुसतं बोटांत दाबून सांगायच्या, भिजवलाय की कोरडा आहे. "भिजवलेला झेंडू आन् गोडबोल्या जावई, दोघं बी सांजेपर्यंत कळत्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांना जावई नव्हता, तरी म्हणायच्या.

२००३ च्या नवरात्रात बाजारातच त्यांच्या छातीत कळ आली. शेजारी बसणाऱ्या कलाबाईनं त्यांना रिक्षात घातलं आणि मळ्यावर निरोप धाडला, "बाईला झटका आला." हार्ट अटॅक हा शब्द आमच्याकडे डॉक्टरच वापरतात. बाकी सगळ्यांना येतो तो झटका.

त्या वाचल्या. पण हृदयाचा बराचसा भाग कायमचा दुबळा झाला, असं डॉक्टर बागूल म्हणाले. "ह्याच्या तर नावातच बागुलबुवा हाय," सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या. मला हसू आलं, डॉक्टरांनीही ऐकलं असावं. नंतरच्या सहा वर्षांत ह्या दोघांचं चांगलं जमलं आणि तितकंच बिनसलंही.

त्याच हिवाळ्यात सायखेड्याचे झिपरूमामा गेले. हे सासूबाईंच्या पाच भावांतले सगळ्यात धाकटे. त्यांना दोन झटके आधी येऊन गेले होते, तिसऱ्यात ते आटोपले. तिथून परतताना एसटीत सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पहिला सांगायला येतो. दुसरा बघायला येतो. तिसरा न्यायला येतो." जसं काही लग्नच ठरवतायत! मी म्हटलं, "आई, असं काही नसतं." त्या म्हणाल्या, "तुझ्या कॅम्पात नसंल."

हे वाक्य पुढे आमच्या घरात मुक्कामाला येईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

दोन वर्षांनी त्या विहिरीपाशी भोवळ येऊन पडल्या. तपासण्या झाल्या. दुबळ्या हृदयाचे ठोके कधी एकदम बेफाम सुटतात आणि मग माणूस जागच्या जागी जातो, म्हणून छातीत एक मशीन बसवावं लागेल, असं डॉक्टर बागूल म्हणाले. महेश सातपूरच्या एका कारखान्यात होता, कंपनीच्या विम्यात आईचं नाव होतं, त्यामुळे ते आम्हाला जमलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी, तिथून हृदयात जाणारी वायर. "ठोके भडकले की मशीन आतून एक झटका देईल," ते म्हणाले, "आणि ठोके जागेवर येतील."

सासूबाई सरळ होऊन बसल्या. "झटका देईल?"

"हो. जोराचा लागेल, पण तुम्हाला वाचवण्यासाठीच."

"म्हंजे एक झटका आलाय म्हणून दुसरा देणारं मशीन बसवायचं?"

डॉक्टर हसले. महेश हसला. मीही हसले. त्यांना विनोद करायचाच नव्हता.

मशीन बसलं. ते ठोक्यांची नोंद ठेवतं, आणि ठरावीक महिन्यांनी ती नोंद वाचून घ्यायची असते. ती वाचणारी पेटी तेव्हा नाशकात नव्हती. दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी मशीनच्या कंपनीचा माणूस मुंबईहून ती घेऊन यायचा आणि डॉक्टरांच्या खोलीबाहेर असे सगळे मशीनवाले पेशंट रांगेत बसायचे. साबणाच्या वडीएवढा एक तुकडा वायरीनं पेटीला जोडलेला असे. तो छातीवर ठेवला की आतलं सगळं पडद्यावर उमटायचं आणि कागदाची लांब पट्टी बाहेर यायची. डॉक्टर ती पट्टी हातात घेऊन मुनीमजीसारखे वाचत बसत. सासूबाई ह्या प्रकाराला झडती म्हणायच्या. "उद्या झडती हाय, लुगडं चांगलं काढ."

दुसरा आला तो २००६ च्या मार्गशीर्षात. शेवंतीचे क्रेट भरलेला टेम्पो एक क्रेट विसरून निघाला होता. नवसाबाई तो क्रेट डोक्यावर घेऊन टेम्पोमागे पळाल्या. साठीची बाई, हृदय अर्धं. हाका मारत पळता पळता त्या बांधावर धाडकन बसल्या आणि शेवंती मातीत सांडली. मी धावत गेले. त्या शुद्धीवर होत्या, चेहरा पांढराफटक. "आतून लाथ बसली," त्या म्हणाल्या. मग माझा हात धरून सावकाश म्हणाल्या, "सुवर्णे, दुसरा आला."

दवाखान्यात साधी ईसीजीची पट्टी काढली, ठोके ठीक होते. पण झटका का बसला हे कळायला पेटी हवी, आणि पेटीचा शनिवार लांब होता. तोवर त्या खाटेवरून उतरल्या नाहीत. कोणी भेटायला आलं की सांगायच्या, "बघून गेला." ऐकणाऱ्याला वाटे डॉक्टरबद्दल बोलतायत.

शनिवारी डॉक्टरांनी पट्टी मांडीवर पसरली आणि बराच वेळ बघितली. मग त्यांनी आम्हाला जवळ बोलावलं. "हे बघा. हृदय बिघडून भडकतं तेव्हा ठोके एका क्षणात उडी मारतात. इथे उडी नाही. ठोके हळूहळू, चढण चढल्यासारखे वाढलेत. म्हणजे तुम्ही पळत होतात, बस्स. मशीनला वाटलं हृदय भडकलं. झटका द्यायची मर्यादा खाली ठेवली होती, ती मी वाढवतो." मग सासूबाईंकडे बघून ते म्हणाले, "हा झटका तुमच्या हृदयाचा नव्हता हो. मशीनची चूक."

मला एवढं हायसं वाटलं की मी डॉक्टरांना नमस्कारच केला. सासूबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "डॉक्टर, बैलानं चुकून लाथ मारली तर मांडी दुखत नाय का?"

झटका तो झटका. त्यांच्या लेखी खरा, खोटा, हृदयाचा, मशीनचा असा भेद नव्हता. दोन झाले होते, एक उरला होता.

त्या दिवसापासून आमचं घर मुकं झालं. जोरात बोललं की ठोके वाढतात, म्हणून त्या हळू बोलू लागल्या. चाललं की वाढतात, म्हणून चालेनात. मळ्यात जाणं बंद, बाजार बंद. सकाळी ओट्यावर येऊन बसायच्या, उन्हं आली की आत जाऊन दार लोटून घ्यायच्या. बाजारात मी जाऊ लागले. ज्या बाईनं मला झेंडू तोडताना देठ किती ठेवायचं यावरून सहा महिने बोलणी घातली होती, ती आता मी परत आल्यावर भावसुद्धा विचारत नव्हती. मला राग यायचा. खरं सांगायचं तर रोज यायचा. मरणाची भीती मी समजू शकते, पण मरण आलेलं नसताना त्याच्यासाठी पाट मांडून बसायचं हे मला कळत नव्हतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, आमच्याकडे तर तो उशाशीच होता.

पुढच्या झडतीला डॉक्टरांनी नवीनच काहीतरी काढलं. शरीर दिवसभरात किती हललं, त्याचीही नोंद ते मशीन ठेवतं. पडद्यावर एक रेघ होती. टेम्पोच्या दिवसापर्यंत ती डोंगरासारखी उंच-सखल, आणि त्यानंतर जमिनीला चिकटलेली.

"नवसाबाई, तुम्ही दिवसाला अर्धा ताससुद्धा चालत नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू चहाडी मीच केली होती. घरी आलो. ओट्यावर बसल्यावर म्हणाल्या, "तू सांगितलं."

"मी कशाला सांगू? मशीननं सांगितलं."

"माझ्याच छातीत बसून चुगल्या करतं!"

सासूच्या काळजात बसून सुनेची बाजू घेणारी वस्तू जगात हीच एक असेल. मी तसं म्हटलंही. त्यांना हसू आलं नाही.

डॉक्टरांनी बजावलं होतं. चाललं नाही तर आधीच दुबळं हृदय आणखी दुबळं होईल, पायांना सूज येईल, श्वास पुरणार नाही. त्या सगळ्याला हो म्हणाल्या होत्या. आणि मग, मला आश्चर्य वाटावं अशी गोष्ट घडली. दर सोमवारी त्या निमाणी स्टँडवरून सायखेड्याची एसटी पकडून माहेरी, धाकट्या वहिनीकडे, कुसाबाईकडे जायला लागल्या. जेवून परत. पुढे सोमवारच्या जोडीला गुरुवारही आला. मी म्हटलं, चला, बाई घराबाहेर तरी पडली. महेश रिक्षानं स्टँडवर सोडायचा, संध्याकाळी आणायचा.

पुढची झडती आली. रेघ वर चढली होती. आठवड्यातून दोनदा चांगली उंच टोकं. "वा, वा! नवसाबाई, चालायला लागलात!" डॉक्टर खूश झाले. सासूबाईंनी मान खाली घालून विनयानं हसल्यासारखं केलं. तो विनय बघूनच मला शंका यायला हवी होती.

डॉक्टरांनी बोट दुसऱ्या रेघेवर नेलं आणि थांबले. ती ठोक्यांची रेघ. त्यांनी पुन्हा पहिली बघितली, पुन्हा दुसरी. "गंमत आहे," ते म्हणाले. "ह्या दिवसांत शरीर दोन-अडीच तास हललंय. पण ठोके झोपेतल्यासारखे. माणूस चालला की ठोके वाढतातच. हे पाय चाललेले नाहीत. मग काय चाललं?"

सासूबाई छताकडे बघत होत्या. चोराच्या मनात चांदणं. मी वार मोजले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एसटी!"

कंपनीचा माणूस आधी हसला. मागच्या खेपेला त्याला ह्याच बाईनं विचारलं होतं, "ह्याला कसं रे कळतं मी चालले का बसले?" आणि त्यानं भाबडेपणानं सांगितलं होतं, "शरीर हललं की आत नोंद होते, आजी." सायखेड्याच्या रस्त्याला खड्डे असे की बसलेला माणूससुद्धा हाडं मोजून उतरतो. आजींनी डोकं चालवलं आणि तिकीट काढून छातीतल्या चुगलखोराला फिरवून आणलं. मळ्यात चार पावलं टाकली तर ठोके वाढतील ही भीती. एसटीत ठोके वाढत नाहीत आणि डॉक्टरही खूश. डॉक्टर बागूल इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

पुसता पुसता त्यांचं हसू थांबलं. "पण एवढं कशासाठी? चालायची इतकी भीती कसली?"

तेव्हा कुठे सासूबाईंनी सांगितलं. सांगायला, बघायला, न्यायला. झिपरू. दोन झाले.

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "झटका," ते स्वतःशीच म्हणाले. "हा शब्द मीच वापरला. सगळ्यांनाच असंच सांगतो मी." मग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागले. आजार येतो तो वेगळा, मशीन देतं तो वेगळा. मशीन दहा वेळा देईल, वीस वेळा देईल, त्यात मोजायचं काही नाही. आजपासून त्याला आपण मशीनचा धक्का म्हणू.

"धक्का म्हणा न्हायतर पापा म्हणा," नवसाबाई म्हणाल्या, "लाथ बसायची ती बसतीच."

त्यांना समजलं नव्हतं असं नाही. बाई फार हुशार होती. पण भावाला तिरडीवर बांधताना जे मनात बसलं, ते खुर्चीत बसून सांगितलेल्या शब्दानं उठत नाही. रिक्षात मी म्हटलं, "डॉक्टरांच्या हिशेबानं तुमचा एकच झालाय." त्या म्हणाल्या, "मग त्यांच्या हिशेबानं त्यांनी जगावं." एसटी मात्र बंद झाली. चोरी पकडली गेल्यावर त्यात मजा उरली नव्हती. रेघ पुन्हा जमिनीला टेकली.

मग २००८ चा दसरा आला. दसऱ्याचा आदला दिवस म्हणजे आमची दिवाळी. महेशची कारखान्यात पाळी होती, मी एकटीच बाजारात बसले होते. ऊन चढलं, झेंडू मान टाकू लागला. कलाबाई म्हणाली, "अगं मार थोडं पाणी, तुझी सासू काय बघायला येतेय का!" येताना मी घरातली झारी बरोबर घेतली होती. का घेतली होती, ते मला आधीच माहीत होतं. मी पाणी मारलं.

तासाभरात गर्दीच्या पलीकडून आवाज आला. तो आवाज मी दोन वर्षं ऐकला नव्हता. "सुवर्णे! झारी कुठं हाय गं?"

ओट्यावर बसल्या बसल्या त्यांना न्हाणीघरापाशी झारीची जागा रिकामी दिसली होती. तेवढं पुरलं. मळ्यातून रस्त्यापर्यंत चालत, तिथून मिळेल त्या रिक्षानं पुलापर्यंत, आणि पुढे वाहन जाईना म्हणून त्या दसऱ्याच्या गर्दीतून पायी. घाम आलेला, पदर सुटलेला, आणि रागानं चेहरा लाल. आल्या आल्या त्यांनी ओला झेंडू बाजूला केला, मला बाजारादेखत अशी काही झाडली की दोन गिऱ्हाइकं माझी बाजू घ्यायला थांबली. मग पोत्यावर बैठक मारून त्या विकायला लागल्या. ओला ढीग त्यांनी, "भिजलेला हाय, आजच वापरायचा, उद्याला ठेवू नका," असं ओरडून ओरडून विकला. आणि लोकांनी तो घेतला! दिवे लागेपर्यंत त्या उठल्या नाहीत. मी बोलणी खात होते आणि मला रडावंसं वाटत होतं, आनंदानं. मशीन दिवसभर गप्प होतं.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी लवकर चहा केला, म्हटलं आज दोघी जाऊ. त्या ओट्यावर बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. "आई, चला."

"नको बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "काल ध्यानातच राह्यलं नाय."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे आपटलाच.

त्यानंतर वर्षभरात डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच सगळं झालं. पाय सुजले, उशीला टेकल्याशिवाय झोप येईना, बोलता बोलता दम लागू लागला. २००९ च्या पावसाळ्यानंतर दवाखान्यात ठेवलं, तेव्हा डॉक्टर बागूल यांनी मला आणि महेशला खोलीत बोलावलं. पडद्यावर तीच रेघ, चार वर्षांची. सुरुवातीला डोंगर. मग सपाट. मग एसटीची टोकं. पुन्हा सपाट, आणि त्यात एकच सुळका.

"हा दिवस कोणता?"

"दसऱ्याचा आदला," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि मग मुद्द्यावर आले. हृदय आता थकत चाललं होतं, औषधांना दाद देत नव्हतं. अशा वेळी शेवटच्या तासांत ठोके वेडेवाकडे होतात, आणि मशीनला कळत नाही की हे शरीर थांबायला निघालंय. ते धक्क्यामागून धक्के देत राहतं. "मी एकदा बघितलंय," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा बघायचं नाही मला. मशीन राहू दे, त्यातला फक्त धक्का बंद करू. ऑपरेशन नाही, काही नाही. वरूनच होतं. पण त्यांना विचारल्याशिवाय करणार नाही."

महेश म्हणाला, "म्हणजे आपणच आईचं...?" विचारायचं काम माझ्याकडे आलं. घरातली अशी कामं सुनेकडेच येतात.

मी खाटेशी बसले. आडून बोललेलं त्यांना कधीच आवडत नसे, म्हणून सरळ सांगितलं. "आई, आता फार दिवस नाहीत. डॉक्टर म्हणतात, मशीनचा झटका बंद करून टाकू. शेवटी त्रास नको."

त्या माझ्याकडे वळल्या. "म्हंजे तिसरा येणार नाय?"

"नाही."

"कवाच?"

"कधीच नाही."

"मग न्यायला कोण येनार?"

मी म्हटलं, "कोणी नाही. हळूहळू, झोपेतच होतं म्हणतात."

"आसं व्हय," त्या म्हणाल्या. "आपलं आपुन चालत जायचं." मग त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. खांदे हलायला लागले तेव्हा मला कळलं की त्या रडतायत. सासरे गेले तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या असं कलाबाई सांगते. "न्यायला येनार म्हणून इतकी वर्सं दार लावून बसले, सुवर्णे. पाव्हना आलाच नाय. फुकट बसले गं."

मी त्यांची पाठ चोळत राहिले. मला त्यांचा राग आला, डॉक्टरांचा आला, त्या एका शब्दाचा तर अजून येतो.

शनिवारी पेटीवाला आला. साबणाच्या वडीसारखा तो तुकडा छातीवर ठेवला, पडद्यावर दोन-तीनदा काहीतरी दाबलं आणि म्हणाला, "झालं, आजी." त्या म्हणाल्या, "वाजलं बी नाय."

त्यांना घरी न्यायचं ठरलं. रिक्षात बसवल्यावर त्या चालकाला म्हणाल्या, "फुलबाजारावरनं घे." तो कुरकुरला. रस्ता खोदलेला होता, खड्ड्यांतून रिक्षा उड्या मारत होती आणि प्रत्येक उडीला मी त्यांना धरत होते. बाजाराच्या तोंडाशी थांबवलं. त्यांना उतरता येणं शक्य नव्हतं. कलाबाई पळत आली, ओंजळभर झेंडू त्यांच्या मांडीवर ठेवला आणि तोंडाला पदर लावून उभी राहिली.

सासूबाईंनी एक फूल उचललं आणि दोन बोटांत दाबलं. "कले," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण जुना होता. "भिजवलाय हा."

"व्हय बाई, भिजवलाय," कलाबाई रडत म्हणाली. आजूबाजूच्या बाया हसायला लागल्या.

"संध्याकाळपर्यंत काळा पडंल. गिऱ्हाइकाला सांगून वीक," असं म्हणून त्यांनी चालकाला चल म्हटलं.

चार दिवसांनी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा त्या गेलेल्या होत्या. पांघरूण जसं घातलं होतं तसंच होतं. असलं मशीन चितेत फुटतं, म्हणून डॉक्टरांनी माणूस पाठवून ते आधी काढून नेलं.

तेराव्यानंतर उरलेली औषधं परत द्यायला मी दवाखान्यात गेले. शनिवार होता. डॉक्टर बागूल यांनी मला आत बोलावलं. ते मशीन त्यांनी शेवटचं वाचलं होतं आणि पट्टी टेबलावर होती. "एक विचारू का?" ते म्हणाले. "सगळं सपाट आहे, पण घरी सोडलं त्या दिवशी हालचाल दिसते. त्या चालल्या होत्या का?"

"नाही हो. रिक्षा होती. रस्त्याला खड्डे."

"मला तसंच वाटलं, एसटीसारखं," ते म्हणाले, आणि त्यांनी बोट खालच्या रेघेवर सरकवलं. "पण ह्या वेळी ठोकेही वाढलेत."

मी वाकून बघितलं. खरंच वाढले होते.

"हो," मी म्हटलं. "झेंडू भिजवलेला होता."